डमी प्लास्टिकची चालेल, राऊंड मात्र पितळेचाच

.32 रिव्हॉल्वरच्या सरावासाठी प्लास्टिकची डमी काडतुसं घेतली, त्यांच्याबद्दल लिहितो आहे. लाल पारदर्शक प्लास्टिक, डबीत सहा नग, किंमत साडेआठशे रुपये. परवाना असलेल्या शस्त्र-दुकानदाराकडून मागवली. घेतली पुतण्यासाठी. त्याचा रावेरला केळीचा व्यापार आहे, हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री बऱ्हाणपूर, सावदा करावं लागतं. म्हणून त्याने परवाना काढला आणि कानपूरची .32 घेतली. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे, पण प्रमाणपत्राने हात बसत नाही. तो बसतो रिकाम्या शस्त्रावर पुन्हा पुन्हा तेच करून. ते शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. केस शॉपमध्ये होतो, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच जिथे बनतं तिथे. 1964 सालची ही फॅक्टरी. ऑक्टोबर 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, पण भुसावळ-वरणगावात कोणी असं लांबलचक नाव घेत नाही, सगळे अजून ‘ऑर्डनन्स’च म्हणतात. नोकरीभर हातातून केसेसच गेल्या. त्यामुळे कुठलंही काडतूस समोर आलं की माझी नजर आधी रिमवर, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर जाते, मग तोंडावर, आणि रंगरूप सगळ्यात शेवटी. ही डबीही मी तशीच तपासली.

आधी हे घ्यायचंच कशाला ते सांगतो. सहा काडतुसांचा फिरता सिलिंडर रिकामा ठेवून चाप ओढला तर घोडा पडतो आणि फायरिंग पिन कशावरच न आपटता पुढे जाऊन थांबते. तो धक्का पिनेला आणि फ्रेमला सोसावा लागतो. एखाद-दुसऱ्या वेळेने काही होत नाही, पण सराव म्हणजे एखाद-दुसरी वेळ नव्हे. डमीच्या बुडाशी कॅपच्या, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या टोपीच्या जागी स्प्रिंगवर बसवलेलं पितळी बटण असतं. पिन त्यावर आपटते, बटण आत दबतं, धक्का जिरतो. शिवाय सिलिंडर उघडणं, सहा भरणं, इजेक्टरची दांडी दाबून सहाही बाहेर टाकणं, याची सवय खरं काडतूस हातात न घेता होते. नव्या परवानाधारकाला सगळ्यात जास्त गरज याचीच असते.

या कामात लाल प्लास्टिकला मी पूर्ण मार्क देतो. पारदर्शक असल्याने आत बारूद नाही हे समोर दिसतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वहिनींनाही कळतं की सिलिंडरमध्ये जे भरलं ते डमी आहे. शस्त्राच्या बाबतीत ‘मला माहीत आहे ते रिकामं आहे’ हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही. दिसलं पाहिजे. लाल रंग ते दाखवतो.

आता मापं. जुना व्हर्निअर अजून आहे माझ्याकडे. लांबी आणि व्यास बरोबर आहेत, सहाही नग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, अडखळत नाहीत आणि सैल पडत नाहीत. वजन मात्र फारच कमी. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर सहाही एकदम ठेवली तर जेमतेम अठरा ग्रॅम भरली. या रिव्हॉल्वरला लागणाऱ्या .32 लाँगचं भरलेलं काडतूस दहा ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे सहांचे साठ. रिव्हॉल्वरच्या पोटात चार तोळ्यांचा फरक पडला. नेम धरताना हा फरक मनगटाला कळतो. पण त्याहून मोठा फरक काडतुसं बाहेर टाकताना कळतो. खरी पुंगळी, म्हणजे झाडल्यावर उरलेली रिकामी केस, स्वतःच्या वजनाने खाली पडते. ही प्लास्टिकची मंडळी नळी आभाळाकडे करून दांडी झटक्याने दाबली तरी एखादी चेंबरच्या तोंडाशी रेंगाळते. पुतण्याला त्यामुळे दांडी दोनदा दाबायची सवय लागत होती, ती मोडावी लागली.

खरी तक्रार रिमबद्दल आहे. .32 लाँगची रिम साधारण 1.4 मिलिमीटर जाडीची. इजेक्टरचा तारा, म्हणजे दांडीच्या टोकाची चांदणीच्या आकाराची चकती, याच रिमला खालून धरून वर उचलतो. पितळेची रिम हे सहज सोसते. या डमींची रिमही प्लास्टिकची आहे, आणि रोजच्या सरावात ताऱ्याचे कोपरे तिला खात गेले. काही नगांची कडा एका बाजूने गोल झाली. मग तारा तिच्यावरून घसरला आणि काडतूस ताऱ्याखाली अडकलं. हा प्रकार फार वाईट. सिलिंडर बंद होत नाही, काडतूस बाहेर निघत नाही, आणि लाकडी काडीने ते उचकटत बसावं लागतं. शिवाय झिजलेल्या प्लास्टिकचा भुगा ताऱ्याखाली साचतो, तो ब्रशने काढायचा राहिला तर तारा पूर्ण खाली बसत नाही आणि सिलिंडर जड फिरू लागतो. डबीवर याबद्दल एक अक्षर नाही.

उन्हाची परीक्षा आपल्याकडे आपोआपच होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 ओलांडतो, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या कप्प्यात काय होत असेल त्याचा विचार करा. डबी मुद्दाम तिथे ठेवली होती. मापांत काही फरक पडला नाही, हे कबूल. बटणामागची उसळी मात्र मंद झाली, आत स्प्रिंगला आधार देणारी रबरी चकती होती ती बसून गेली. त्यानंतर पिन आपटल्यावर बटण पूर्ण वर यायला वेळ घेऊ लागलं.

पितळेची डमीही मिळतात, जवळपास दुप्पट किमतीत. वजन खऱ्याच्या जवळ, रिम टिकाऊ, बाहेर टाकताना वागणूक हुबेहूब. पण लांबून ती जिवंत काडतुसासारखी दिसतात, आणि घरात शिकवताना हे मला मुळीच चालत नाही. लष्करात ड्रिलच्या काडतुसांना कॅप नसते, केसला आडवी भोकं पाडलेली किंवा खाचा मारलेल्या असतात, अंधारातही बोटाला कळावं म्हणून. बाजारातल्या गुळगुळीत चकचकीत पितळी डमीला तशी काहीच खूण नसेल तर ते घेऊ नये.

एवढ्यावर लिखाण थांबलं असतं. पण डमी बघून पुतण्याने विचारलं, “नाना, मंग खरे राऊंडच प्लास्टिकचे कायले नाही करत? सस्तेही पडतील अन् हलकेही.” राऊंड म्हणजे झाडायचं काडतूस. प्रश्न चांगला आहे. वरवर पाहिलं तर केस म्हणजे बारूद ठेवायची डबी. डबी पितळेची असली काय आणि प्लास्टिकची असली काय. ती डबी नाही, हेच मला सांगायचं आहे.

केसचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. पट्टीतून चकती कापून आधी कप करतात. मग तो कप पंच आणि डायमधून ओढायचा. ओढला की लांब होतो आणि कडकही होतो. तसाच पुन्हा ओढला तर फाटेल, म्हणून भट्टीतून काढून नरम करायचा. भट्टीतून आला की काळपट थर चढलेला असतो, तो आम्लात धुवायचा. परत ओढायचा. असं टप्प्याटप्प्याने करत लांबी मिळाली की बूड ठोकायचं, त्यात कॅपची खळगी बसवायची, ‘ओएफव्ही’चा, म्हणजे आमच्या फॅक्टरीचा शिक्का उठवायचा, खाच किंवा रिम कातायची, तोंड मापात कापायचं. यातली खरी कारागिरी अशी की बूड कडक राहिलं पाहिजे आणि तोंड नरम. एकच धातूचा तुकडा, पण बुडाशी वेगळा आणि तोंडाशी वेगळा. बूड नरम पडलं तर कॅपची खळगी फाकते, तोंड कडक राहिलं तर चिरतं. गेजवर, म्हणजे मापं तपासायला बसलेला माणूस एका केसमागे क्षणभर थांबतो आणि बाद करतो, तो याच कारणांनी.

आता गोळी सुटताना काय होतं ते पाहा. बारूद पेटलं की केसची भिंत फुगून चेंबरला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही, कुकरच्या रिंगसारखी. गोळी नळीतून गेली, दाब उतरला, की तीच भिंत किंचित आक्रसते आणि पुंगळी सहज निघते. फुगणं आणि परत येणं, दोन्ही क्षणार्धात. बरोबर थोडी उष्णताही पुंगळी घेऊन बाहेर पडते. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात हा दाब 2400 बारच्या घरात जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेच्या दाबाइतका). .32 लाँग त्यामानाने गरीब, हजार बारच्या आसपास.

इथे पुतण्याने लगेच बारा बोअरचा, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचा दाखला दिला, आणि तो अगदी योग्य होता. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याकडे परवान्याची बारा बोअर असलेले शेतकरी आहेत. त्यांची काडतुसं प्लास्टिकचीच असतात. रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीने 1960 साली प्लास्टिकचं छर्ऱ्याचं काडतूस बाजारात आणलं आणि कागदी काडतूस हळूहळू मागे पडलं. पावसात कागद फुगायचा, प्लास्टिक फुगत नाही. तिथे प्लास्टिक जिंकलं, आणि रास्त जिंकलं.

मग बारा बोअरला जमलं ते .32 ला का जमू नये? दाबात तर फार अंतर नाही, बारा बोअरचा आठशे बारच्या आत, .32 चा हजारच्या आसपास. याचं उत्तर दाबात नाही, जागेत आहे. बारा बोअरचं चेंबर वीस मिलिमीटरहून जास्त रुंद आणि नळी साडेअठरा. मधे भिंतीला प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटरहून अधिक जागा मिळते, आणि छर्रे त्या भिंतीच्या आत सुखाने बसतात. .32 मध्ये गोळीच आठ मिलिमीटरची, आणि तोंडाशी केसचा बाहेरचा व्यास साधारण 8.5. म्हणजे भिंतीला प्रत्येक बाजूने 0.3 मिलिमीटरही धड नाही. 9 मिलिमीटरचंही तेच. तोंड 9.65, गोळी 9.03, उरले दोन्हीकडे मिळून सहा दशांश. एवढ्या पातळ पितळेत गोळी घट्ट धरून ठेवायचा दम आहे. एवढ्या पातळ प्लास्टिकमध्ये तो आणायचा कुठून? जाड करावं तर चेंबरमध्ये जाणार नाही. चेंबर मोठं करावं तर ते शस्त्रच दुसरं झालं.

पकडीचा आणखी एक मुद्दा आहे. पितळेने गोळी धरली की वर्षानुवर्षं धरून ठेवते. प्लास्टिक सततच्या ताणाखाली हळूहळू सैल पडतं, उन्हात आणखी लवकर. नायलॉनसारखं प्लास्टिक पन्नास-साठ अंशांच्या आसपासच मऊपणाकडे झुकू लागतं, आणि हवेतली ओल शोषली की त्याहून आधी. थंड देशातल्या कपाटात हे चालून जाईल. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मे आणि मग लगेच जुलै, हे दोन्ही सोसावं लागतं. रिव्हॉल्वरमध्ये एक गोळी सुटल्याच्या धक्क्याने बाकीच्या पाच काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. पकड सैल असेल तर एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो.

उरली रिम. डमीची रिम नुसत्या ताऱ्याने झिजली, तिथे आग नव्हती की दाब नव्हता. म्हणून प्लास्टिकची केस बनवणारे बूड धातूचं ठेवतात आणि वरचं अंग प्लास्टिकचं जोडतात. कल्पना चांगली, पण जोड आला. दाबात आणि ओढीत पहिला जोडच उघडतो. बूड बाहेर आलं आणि प्लास्टिकची नळी चेंबरमध्ये राहिली तर पुढचं काडतूस जाणार कुठे? पिस्तुलाची अडचण यापुढची. काडतूस वर चढावं म्हणून चेंबरच्या खालच्या ओठाशी उतार कापलेला असतो, आणि त्या जागी केसच्या बुडाजवळच्या भागाला लोखंडाचा आधार पूर्ण मिळत नाही. पितळेची केस तिथे जाड ठेवलेली असते, कारण तिथे तिला स्वतःच्या बळावर उभं राहायचं असतं. 9 मिलिमीटरची अख्खी केसच 19 मिलिमीटर लांब. धातूचं बूड तिथपर्यंत वर आणलं की वर प्लास्टिकला उरतं किती?

आणि एवढं करून वजन किती वाचतं? 9 मिलिमीटरच्या काडतुसात गोळीच साडेसात ग्रॅमची, पितळी केस चार ग्रॅमच्या आसपास. त्या चारांतले दोन-अडीच वाचवले तरी खिशाला काही कळणार नाही. रायफलची गोष्ट निराळी. 7.62 च्या चोवीस-पंचवीस ग्रॅममध्ये जवळपास निम्मं वजन केसचं, आणि सैनिकाला ते शेकड्यांनी वाहायचं असतं. म्हणून प्लास्टिकचे मोठे प्रयत्न रायफल आणि मशीनगनसाठी झाले. अमेरिकेच्या सैन्याच्या नव्या 6.8 मिलिमीटर शस्त्रासाठी ट्रू व्हेलॉसिटी कंपनीची प्लास्टिक मिश्रणाची केस स्पर्धेत होती. एप्रिल 2022 मध्ये निवड झाली ती सिग कंपनीची. तिची केस जोडाचीच आहे, पण बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं. जास्त दाबासाठी बूड बदललं, पितळ तिथेही राहिलं.

हातशस्त्रात प्लास्टिकचा धाडसी प्रयोग खूप आधी झाला होता. 1950 च्या दशकात अमेरिकेत डार्डिक नावाच्या माणसाने एक पिस्तूल काढलं, त्याचं काडतूस तिकोनी आणि कवच प्लास्टिकचं. चेंबर एका बाजूने उघडं, काडतूस बाजूने सरकून आत यायचं आणि बाजूनेच बाहेर जायचं, त्यामुळे रिमला धरून ओढायची गरजच ठेवली नव्हती. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. प्लास्टिकला काय झेपत नाही ते ओळखून त्याने सगळं शस्त्रच नव्याने रचलं. थोडीच बनली आणि बंद पडली. पण रीत तीच बरोबर होती. पितळेसाठी घडलेल्या चेंबरमध्ये प्लास्टिक कोंबण्यात अर्थ नाही.

पितळेची बाजू घेताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. महाग आहे, त्यात तांबं आहे. ओल्या चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं ठेवली तर हिरवा कळंक चढतो. आणि इंग्रजांच्या काळात याच देशात पितळी काडतुसांनी मोठा घोळ घातला होता. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांना गोळी न झाडताच चिरा पडू लागल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि ओढकामात पितळेत राहून गेलेला ताण, या तिघांनी मिळून ते केलं. 1921 साली इंग्लंडच्या संशोधकांनी कारण नीट मांडलं. उपाय भट्टीतच होता. हलक्या आचेवर तो ताण उतरवायचा. प्लास्टिकला अमोनियाचं भय नाही, कळंक नाही, साच्यातून एका दमात निघतं. हे त्याचे गुण खरे आहेत आणि मला मान्य आहेत. पितळेचा रोग मात्र समजला, आणि पितळेतच बरा झाला.

पुंगळीला पुढेही किंमत असते. फायरिंग रेंजवर झाडलेल्या राऊंडइतक्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात, आणि ते पितळ भंगारातही पैसे देतं. प्लास्टिकचं मोजून काय करणार, जाळणार?

तेव्हा घेणाऱ्याने काय करावं ते सांगतो. नव्याने परवाना मिळालेल्याने सरावासाठी लाल प्लास्टिकची डमी जरूर घ्यावी, पण रिम धातूची असेल अशीच मागावी. अ‍ॅल्युमिनियमचं बूड आणि प्लास्टिकचं अंग असलेली मिळतात. इथे तो जोड चालतो, कारण त्याला दाब सोसायचा नाही. रिमवर नखाने चाचपत राहावं, कडा गोल लागली की तो नग काढून टाकावा, साडेआठशेचा मोह धरू नये. आठवड्याला ताऱ्याखाली कोरडा ब्रश मारावा. सरावाआधी जिवंत राऊंड त्या खोलीतून बाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. डमी आणि जिवंत काडतुसं एका कप्प्यात कधीच ठेवू नयेत, आचारसंहितेत रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा करतानाही डमीची डबी घरीच ठेवावी म्हणजे मोजणीत गोंधळ होत नाही.

पुतण्यासाठी पुढची डबी धातूच्या बुडाची सांगितली आहे. आली की आधी व्हर्निअर रिमला लावणार.